आघात, अक्षर आणि स्मृती : कोकण-गोव्यातील ताल-शिक्षणाचा इतिहास आणि गिटारचा आजचा विद्यार्थी

सारांश

गिटार व युकुलेली या वाद्यांवरील तारा छेडण्याचे ठरावीक आकृतिबंध शिकताना आजचा विद्यार्थी प्रामुख्याने बाणांच्या लिखित खुणांवर अवलंबून राहतो. भारतीय संगीतपरंपरेने, आणि तीत महाराष्ट्र, कोकण व गोवा या प्रदेशांनी, आघातांचे क्रम लक्षात ठेवण्यासाठी अक्षर, मूक क्रिया आणि प्रसंग ही तीन साधने शतकानुशतके वापरली. प्रस्तुत निबंधात या साधनांचा ऐतिहासिक आढावा घेतला असून, स्वरलिपीच्या आगमनाने काय साधले व काय मागे पडले याचा विचार केला आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील नमन-खेळे व जाखडी यांच्या मौखिक ताल-परंपरेची नोंद करण्याची निकड अखेरीस मांडली आहे.

बीजसंज्ञा : ठेका, बोल, खाली, तुणतुणे, मांडो, घुमट, स्वरलिपी, जाखडी, नमन-खेळे, मौखिक परंपरा.

प्रस्तावना

रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी महाविद्यालयीन स्नेहसंमेलनात गिटार किंवा युकुलेली दिसणे ही आता नवलाई राहिलेली नाही. ही वाद्ये शिकू पाहणाऱ्या तरुणाची पहिली अडचण डाव्या हाताची असते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात स्वरसंघात धरण्याची सवय काही आठवड्यांत होते. खरी अडचण उजव्या हाताची असते. तारांवरून हात केव्हा खाली न्यावा, केव्हा वर आणावा आणि केव्हा तारांना स्पर्श न करता नुसता फिरवावा, हा क्रम गीत संपेपर्यंत अखंड टिकवावा लागतो. तो लक्षात राहत नाही आणि राहिला तरी गाऊ लागताच मोडतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

या अडचणीवर आज जो उपाय सांगितला जातो तो बाणांचा होय. खाली जाणारा बाण, वर जाणारा बाण आणि मध्ये मोकळी जागा, असा तक्ता विद्यार्थ्यासमोर असतो. विद्यार्थी तो पाहत पाहत वाजवितो आणि तक्ता दूर होताच अडखळतो. ही समस्या केवळ वाद्यशिक्षणाची आहे असे मानले, तर इतिहासाच्या अभ्यासकाला तीत रस असण्याचे कारण नाही. परंतु आघातांचा क्रम स्मरणात कसा ठेवावा, हा प्रश्न ज्या समाजांनी लेखनाचा आधार न घेता सोडविला, त्यांत आपला समाज अग्रभागी होता. नवे वाद्य हाती घेणाऱ्या तरुणापर्यंत हे जुने ज्ञान का पोहोचले नाही, हा मात्र निश्चितच इतिहासाचा प्रश्न आहे.

आघातांचे शास्त्र : नाट्यशास्त्रापासून देवगिरीपर्यंत

तंतुवाद्यावरील आघातांचे वर्गीकरण भारतात फार प्राचीन आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात वीणावादनाच्या संदर्भात विस्तार, करण, आविद्ध आणि व्यंजन असे चार धातू सांगितले आहेत. शब्दांची घडण जशी धातूंपासून होते तशी वादनाची घडण या आघात-प्रकारांपासून होते, ही कल्पना त्यामागे दिसते. त्याच ग्रंथात पुष्कर वाद्यांच्या, म्हणजे चर्मवाद्यांच्या, प्रकरणात वादनासाठी सोळा अक्षरे दिलेली आहेत. वाद्यावरचा ध्वनी आणि मुखातील अक्षर यांची सांगड घालण्याची पद्धत किती जुनी आहे, याचा हा स्पष्ट पुरावा होय.

या परंपरेचा पुढचा महत्त्वाचा टप्पा महाराष्ट्राच्या भूमीवर घडला. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ सिद्ध केला. सात अध्यायांच्या या ग्रंथातील सहावा अध्याय वाद्यांना वाहिलेला असून त्यात चर्मवाद्यांच्या पाटाक्षरांचा विस्तृत विचार आला आहे. यावरून वाद्य वाजविण्यापूर्वी ते ‘बोलता’ यावे, ही अपेक्षा शास्त्रकारांनाही मान्य होती असे म्हणता येईल.

सतारीच्या वादनात हीच दृष्टी अधिक नेमकेपणाने प्रकट झाली. अठराव्या शतकातील मसीत खाँ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मसीतखानी गतीचा आघातक्रम ठरलेला आहे : दिर दा दिर दा रा, दा दा रा. आठ मात्रांचा हा क्रम दोनदा घेतला की त्रितालाच्या सोळा मात्रा पूर्ण होतात. ‘दा’ म्हणजे नखीचा आतल्या बाजूचा आघात, ‘रा’ म्हणजे बाहेरचा आणि ‘दिर’ म्हणजे एका मात्रेत घेतलेले दोन्ही. राग कोणताही असो, स्वर कोणतेही असोत, उजव्या हाताचा क्रम हाच राहतो. गिटारच्या परिभाषेत ज्याला छेडण्याचा आकृतिबंध म्हणतात त्याचे हे भारतीय रूप होय. फरक इतकाच की, सतारीचा विद्यार्थी तो डोळ्यांनी न वाचता तोंडाने म्हणतो.

सतारीचा उल्लेख येथे दूरचा नाही. एकोणिसाव्या शतकापासून सतार आणि तंबोरे घडविणाऱ्या कारागिरांचे केंद्र म्हणून मिरजेची ख्याती आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. वाद्य घडविण्याच्या कौशल्याला अशी अधिकृत मान्यता लाभली. वाद्य वाजविण्याच्या मौखिक ज्ञानाला तिची गरज अधिक आहे, कारण ते ज्ञान वस्तूच्या रूपाने मागे राहत नाही.

तुणतुणे आणि वीणा : एका तारेचा लोकाश्रय

शास्त्रीय परंपरा बाजूला ठेवून लोकपरंपरेकडे वळले की तुणतुण्याचा विचार अपरिहार्य ठरतो. लाकडी नळकांड्याच्या तळाला चामडे, त्यातून निघून वरच्या दांडीवरील खुंटीला ताणलेली एकच तार, एवढेच हे वाद्य. पोवाड्यात डफ व झांज आणि लावणीत ढोलकी व मंजिरी यांच्या जोडीला ते असते. बाहेरून पाहणाऱ्याला तुणतुणेवाला केवळ सूर धरतो असे वाटते. वस्तुतः तो सूर आणि लय ही दोन्ही कामे एकाच तारेवर करतो. त्याचा स्वर बदलत नाही. बदलते ती आघातांची दाटी. शाहीर कथन करीत असताना ती विरळ असते, वीररसाच्या प्रसंगी ती घट्ट होते आणि मागे उभे असलेले झीलकरी ‘जी जी’ची झील धरतात तेव्हा पुन्हा सम गाठते. स्वरसंघात बाजूला ठेवून नुसता आघात ऐकावयाचा झाल्यास गिटारच्या साथीचे कार्य यापेक्षा वेगळे नाही.

शाहिरी परंपरेशी रत्नागिरी जिल्ह्याचे नाते निकटचे आहे. पेशवाईच्या उत्तरकाळातील शाहीर प्रभाकर यांचे घराणे जिल्ह्यातील मुरूडचे. त्यांच्या रचना पुढे संपादित होऊन छापल्या गेल्या. अभ्यासकांनी त्यांतील शब्दांचा, इतिहासाचा आणि वृत्तांचा विचार केला. त्या रचनांच्या मागे वाजणाऱ्या तुणतुण्याचे मात्र एकही अक्षर त्या ग्रंथांत उतरले नाही. लोकवाङ्मयाच्या संकलनात शब्द वाचले आणि आघात निसटले, हे आपल्या संशोधन-परंपरेचे वैगुण्य या एका उदाहरणातूनही लक्षात यावे.

वारकरी संप्रदायातील वीणेकऱ्याचे स्थान याहून वेगळे, तरी याच सूत्रात गुंफलेले आहे. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवीत नाहीत. पहाऱ्याप्रमाणे ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. वीणेकरी बदलतो, परंतु तारेवरचा हात थांबत नाही. घेणारा नवा वीणेकरी चालू लयीतच वीणा स्वीकारतो. येथे शिक्षण आणि वादन यांत अंतर उरत नाही. लय लिहून घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण ती क्षणभरही खंडित झालेली नसते.

रत्नागिरीचा ताल : नमन-खेळे आणि जाखडी

रत्नागिरी जिल्ह्याची स्वतःची ताल-परंपरा मुख्यतः दोन उत्सवांभोवती उभी आहे. शिमग्यात नमन-खेळे आणि गणेशोत्सवात जाखडी. खेळ्यांचा संच गावोगाव, घरोघर फिरतो. संकासूर, गोमू यांसारखी पात्रे, टाळांचा गजर आणि मृदंग हे त्याचे घटक. जाखडीत वादक व गायक मध्यभागी बसतात आणि नाचणारे त्यांच्याभोवती पायांत चाळ बांधून फेर धरतात. शक्तिवाले आणि तुरेवाले यांच्यातील सवाल-जबाबाची परंपरा कलगी-तुऱ्याशी नाते सांगते.

जाखडीच्या रचनेत स्मरणाचे एक साधन दडलेले आहे. मध्यभागी असलेल्या मृदंगाचा किंवा ढोलकीचा ठेका बाहेरच्या फेरातील पावले प्रतिध्वनीप्रमाणे उचलतात. ठेका बदलला की पाऊल बदलते, आणि पाऊल चुकले तर वर्तुळ मोडते. लय अशा रीतीने एका वादकाच्या स्मरणात न राहता वीसपंचवीस जणांच्या शरीरांत वाटली जाते. लहान मुलगा प्रथम फेरात नाचतो, पुढे टाळ धरतो आणि मग त्यांतील एखादा मृदंगाला बसतो. मृदंगाला हात लावण्यापूर्वी कितीतरी वर्षे ठेका त्याच्या पायांत मुरलेला असतो.

या परंपरेच्या इतिहासाला स्थलांतराची बाजू आहे. १८५० च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या आणि त्यांना मजूर पुरविणाऱ्या प्रदेशांत रत्नागिरी जिल्हा आघाडीवर राहिला. कोकणी चाकरमान्यांबरोबर त्यांचा नाचही शहरात गेला आणि तेथे ‘बाल्या नाच’ या नावाने ओळखला जाऊ लागला. गावच्या अंगणात होणारी तालीम चाळीच्या खोलीत होऊ लागली. १९८२ च्या गिरणी-संपानंतर या कामगार-वस्त्यांची घडी विस्कटली, तसे तालमीचे ठिकाणही दुर्लभ झाले. १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाल्यावर सणासाठी गावी येणे सुकर झाले. परंतु चार दिवसांसाठी येणारा तरुण सादरीकरणात भाग घेऊ शकतो. वर्षानुवर्षे फेरात राहून ठेका मुरविण्याची संधी त्याला मिळत नाही. परंपरा दिसते तशीच राहते आणि तिच्या शिक्षणाची पायवाट बुजत जाते, असा हा प्रकार आहे.

गोव्याचा अनुभव : घुमट, मांडो आणि गिटार

कोकणपट्टीच्या दक्षिण टोकाला, गोव्यात, पाश्चात्त्य तंतुवाद्य आणि देशी आघात यांची भेट फार पूर्वीच झाली. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या आधाराने चालणाऱ्या परगण्यांच्या शाळांत मुलांना स्वरलेखन, गायन व व्हायोलिन शिकविले जाई. एकोणिसाव्या शतकात गोव्याच्या ख्रिस्ती उच्चवर्गीय घरांत मांडो हा गीत-नृत्यप्रकार आकारास आला. तो बहुधा सहा-चार या तालमानात लिहिला जातो आणि त्याच्या साथीला व्हायोलिन व घुमट असतात. गिटारही त्यांच्या पंक्तीला येऊन बसली.

येथे घुमटाची उपस्थिती विशेष अर्थपूर्ण आहे. मातीच्या भांड्याच्या तोंडावर कातडे ताणलेले हे वाद्य गोव्यातील हिंदूंच्या घुमट-आरतीत आणि सुंवारी-वादनात शामेळ व कांसाळे यांच्यासह वाजते, आणि तेच ख्रिस्ती घरातील मांडोलाही साथ करते. धर्म, भाषेची शैली आणि वेषभूषा भिन्न असलेल्या दोन समाजांनी एकाच वाद्याची लय सांभाळली. घोरपडीच्या कातड्याचा वापर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध ठरला, तेव्हा शेळीच्या कातड्याचा पर्याय स्वीकारून हे वाद्य टिकले. २०१९ मध्ये गोवा शासनाने त्याला राज्याचे वारसा-वाद्य म्हणून मान्यता दिली.

मांडोच्या बैठकीत व्हायोलिनवादकासमोर लिखित स्वरपट असू शके. घुमटवाल्यासमोर तो नसे. लिहिलेली चाल आणि स्मरणातला ठेका एकाच गीतात शेजारी नांदत होते. गिटारवादक या दोहोंच्या मध्ये उभा होता. त्याचे स्वरसंघात लिखित परंपरेतून येत आणि उजव्या हाताची लय घुमट ऐकून जुळविली जाई.

शरीरात लय किती खोलवर रुजू शकते याचे गोव्याने दिलेले सर्वांत तेजस्वी उदाहरण म्हणजे खाप्रूमामा पर्वतकर (मृत्यू १९५३). ‘लयब्रह्मभास्कर’ या पदवीने गौरविलेले हे तबलावादक हात, पाय आणि मुख यांनी एकाच वेळी निरनिराळे ताल धरीत, अशी त्यांची ख्याती होती. कागदाच्या साहाय्याने अशी सिद्धी संभवत नाही. ताल आधी वाणीत आणि मग अवयवांत उतरविण्याच्या शिक्षणाची ती परिणती होती.

युकुलेलीचा प्रवास आणि बाणांचा पूर्वेतिहास

युकुलेली हे वाद्यही पोर्तुगीज सागरी स्थलांतराचेच अपत्य आहे. २३ ऑगस्ट १८७९ रोजी ‘रेव्हन्स्क्रॅग’ हे जहाज मदैरा बेटावरील चारशेहून अधिक स्थलांतरितांना घेऊन होनोलुलू बंदरात पोहोचले. उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी आलेल्या या लोकांत मानुएल नुनेस, आउगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सान्तो हे सुतारकाम जाणणारे कारागीर होते. मदैरातील माशेत या लहान चारतारी वाद्यावरून हवाईत युकुलेली घडली. राजा कालाकाउआ याने तिला आश्रय दिला आणि १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनातून ती अमेरिकाभर पसरली. मळ्यांवरील मजूर आणि गिरण्यांतील मजूर या दोघांनीही आपली लय बरोबर नेली, हे साम्य नजरेतून सुटू नये.

बाणांच्या खुणा आधुनिक वाटल्या तरी त्यांचा पूर्वेतिहास चारशे वर्षांहून जुना आहे. इटलीत जिरोलामो मोन्तेसार्दो याने १६०६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गिटार-पुस्तकात स्वरसंघातांसाठी अक्षरे योजली होती. ती अक्षरे रेषेच्या खाली लिहिली की हात खाली न्यावयाचा आणि वर लिहिली की वर. स्वतः शिकू इच्छिणाऱ्या हौशी वाचकासाठी ही सोय होती. बाण म्हणजे गुरू अनुपस्थित असताना वापरावयाची खूण, हे तिचे मूळ स्वरूप लक्षात घेतले म्हणजे तिची उपयुक्तता आणि मर्यादा दोन्ही उमगतात. बाण दिशा सांगतो. आघाताचे वजन, त्याचा नाद आणि त्याची लांबी तो सांगत नाही.

मूक आघाताचे महत्त्व : कहरवा आणि गिटार

युकुलेली व गिटार शिकणाऱ्यांत सर्वाधिक प्रचलित असलेला एक आकृतिबंध येथे उदाहरणादाखल घेऊ. चार ठोक्यांचे आठ अर्धे भाग पाडले असता त्यातील पहिला, तिसरा व सातवा आघात खाली जाणारा आणि चौथा, सहावा व आठवा आघात वर जाणारा असतो. दुसऱ्या व पाचव्या स्थानी हात फिरतो, परंतु तारांना लागत नाही. विद्यार्थी चुकतो तो नेमका पाचव्या स्थानी. आवाज नाही म्हणून तो हात थांबवितो आणि हात थांबला की पुढची सारी दिशा उलटते.

सतारीच्या बोलांचा आधार घेऊन खाली जाणाऱ्या आघाताला ‘दा’ व वर येणाऱ्या आघाताला ‘रा’ म्हटले आणि मूक स्थानी अवग्रह ठेवला, तर हाच क्रम असा होतो : दा ऽ दा रा ऽ रा दा रा. सहा ध्वनित आणि दोन मूक अशी आठ स्थाने चार-सहा वेळा म्हटली की वाद्य हाती नसतानाही क्रम जिभेवर बसतो. गाताना जीभ गीतात गुंतते. परंतु तोवर क्रम हाताकडे सोपविला गेलेला असतो.

या आठ स्थानांची तुलना आठ मात्रांच्या कहरव्याशी करण्याजोगी आहे. कहरव्याचा ठेका ‘धा गे ना ती, न क धि न’ असा म्हटला जातो. त्यात पहिल्या मात्रेवर टाळी आणि पाचवीवर खाली येते. गिटारच्या उपर्युक्त क्रमात खाली जाणारा हात तार चुकवितो तेही स्थान पाचवेच आहे. या साम्यावरून उसनवारीचा निष्कर्ष काढणे अर्थातच अशास्त्रीय ठरेल. शिवाय खाली म्हणजे शांतता नव्हे. खालीच्या मात्रेवर डग्ग्याची घुमार मिटते, बोल सुरूच राहतात. तथापि दोन्हीकडे आवर्तनाच्या मध्यावर काहीतरी काढून घेतलेले आहे आणि त्या उणिवेमुळेच आपण आवर्तनात कोठे आहोत हे कळते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. सर्व आघात सारखेच असते तर क्रमाला चेहरा राहिला नसता. क्रम संस्मरणीय होतो तो त्यातील रिकाम्या जागेमुळे.

भारतीय ताल-पद्धतीने ही रिकामी जागा केवळ ओळखली असे नव्हे. तिला नाव दिले आणि हाताची क्रिया दिली. खाली दाखविताना हात हवेत बाजूला टाकतात. आवाज नसलेल्या जागी शरीराची हालचाल ठेवणे, हे स्मरणाचे मोठे तंत्र होय. गिटारच्या शिक्षकाने ‘हात थांबवू नकोस’ असे शंभर वेळा सांगण्यापेक्षा विद्यार्थ्याला खालीची क्रिया एकदा समजावून देणे अधिक फलदायी ठरेल, असे वाटते.

स्वरलिपीचे युग : लाभ आणि हानी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगीतशिक्षणाला संस्थात्मक रूप येऊ लागले. १८७४ मध्ये पुण्यात गायन समाज स्थापन झाला. १८८६ मध्ये बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांच्या नेतृत्वाखाली गायनशाळा सुरू झाली. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली आणि १९०८ मध्ये मुंबईत त्याचा विस्तार केला. विष्णु नारायण भातखंडे यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार भाग मराठीत लिहिले. पलुसकर आणि भातखंडे या दोघांच्याही स्वरलिपी स्वतंत्र होत्या आणि दोघांनीही ताललेखनाची सोय केली. भातखंडे पद्धतीतील सम, टाळी आणि खाली यांच्या खुणा आजही सर्वत्र प्रचलित आहेत.

या कार्याचे मोल वादातीत आहे. घराण्यांच्या कुलुपांत असलेले संगीत सामान्य घरातील मुला-मुलींना खुले झाले, ते या लिपींमुळेच. परंतु लिपीच्या कक्षेत जे आले त्याला प्रतिष्ठा मिळाली आणि जे आले नाही ते ‘अशास्त्रीय’ ठरून अभ्यासाच्या बाहेर राहिले. त्रिताल, झपताल, रूपक यांची आवर्तने छापली गेली. तुणतुण्याची दाटी, जाखडीचा फेर आणि खेळ्यांचा मृदंग यांना पाठ्यपुस्तकात स्थान मिळाले नाही. लिपी दुर्बळ होती असे नव्हे. लिहून घेणाऱ्यांची नजर त्या दिशेला गेली नाही, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

मुंबईच्या चित्रपटसंगीताने या दोन प्रवाहांना पुन्हा एकत्र आणले. स्वरलेखन वाचू शकणारे गोमंतकीय वादक आणि संयोजक या क्षेत्रात मोठ्या संख्येने आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) आणि सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतील ठळक नावे. व्हायोलिनच्या ताफ्यासमोर लिखित स्वरपट असत. तालवाद्यांचा भाग मात्र पुष्कळ अंशी बोलून, ऐकून आणि स्मरणातून सिद्ध होई. शंकर-जयकिशन यांच्याकडे तालविभाग सांभाळणारे गोव्याचे दत्ताराम वाडकर (१९२९-२००७) यांचा ढोलकचा एक ठेका इतका ठसठशीत होता की तो ‘दत्ताराम ठेका’ म्हणूनच ओळखला जाऊ लागला. संगीतकार म्हणून त्यांनी केलेल्या ‘परवरिश’ (१९५८) या चित्रपटाची गाणी आजही गायिली जातात. रागाला किंवा बंदिशीला कर्त्याचे नाव लाभणे आपल्याला परिचित आहे. एका ठेक्याला वादकाचे नाव मिळावे, ही घटना आघाताच्या क्रमालाही व्यक्तिमत्त्व असते याची साक्ष होय.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात.

१. आघातांचा क्रम स्मरणात ठेवण्यासाठी आपल्या परंपरेने तीन साधने वापरली : मुखाने म्हणता येणारे अक्षर, मूक स्थानी केली जाणारी क्रिया आणि क्रमाला बांधून ठेवणारा उत्सव किंवा गीतप्रसंग.

२. बाणांच्या खुणा या तिन्हींची जागा घेऊ शकत नाहीत. त्या एकट्याने शिकणाऱ्याला उपयोगी आहेत, परंतु स्मरणाचे काम डोळ्यांवर टाकतात. ‘दा’ व ‘रा’ यांसारख्या अक्षरांचा वापर करून गिटार व युकुलेलीचे शिक्षण मराठी विद्यार्थ्याला अधिक सुगम करता येईल.

३. गोव्यातील मांडो आणि मुंबईतील चित्रपटसंगीत यांचा इतिहास असे दाखवितो की लिखित आणि मौखिक पद्धती परस्परांच्या शत्रू नाहीत. एकीने दुसरीला अभ्यासाबाहेर टाकले तरच हानी होते.

४. रत्नागिरी जिल्ह्यातील नमन-खेळे व जाखडी यांची ताल-परंपरा ज्या सहवासावर आधारलेली आहे तो सहवास स्थलांतरामुळे क्षीण झाला आहे. म्हणून सादरीकरणांच्या चित्रफिती पुरेशा नाहीत. मृदंगवादकाने वाजविण्यापूर्वी बोल म्हणून दाखवावेत, ते देवनागरीत लिहून घ्यावेत, आणि गाव, प्रसंग व पावलांचा क्रम यांसह त्यांची नोंद व्हावी.

हे अखेरचे काम महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारतीय ज्ञान-परंपरेच्या अभ्यासाला अभ्यासक्रमात स्थान दिले आहे. या शीर्षकाखाली प्राचीन ग्रंथांची नावे पाठ करून घेण्याचा सोपा मार्ग उपलब्ध आहेच. त्याऐवजी इतिहास, मराठी आणि भूगोल या विभागांच्या प्राध्यापकांनी आपल्याच वर्गातील खेळ्यांच्या व जाखडीच्या संचांत भाग घेणाऱ्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन गावनिहाय ताल-नोंदी सुरू केल्या, तर ते खरे क्षेत्रीय संशोधन ठरेल. नोंद करताना वादकाची संमती घेणे आणि नोंदीची एक प्रत त्याच्या गावाला परत देणे, ही पथ्ये पाळावीत. शाहीर प्रभाकरांच्या शब्दांमागचे तुणतुणे आपण गमावले आहे आणि ते आता कोणत्याही उपायाने परत मिळणार नाही. शिमग्यातला मृदंग अद्याप वाजतो आहे आणि तो बोलून दाखवू शकणारी माणसे अद्याप आपल्या गावांत आहेत. येत्या शिमग्यात वही घेऊन त्यांच्याकडे जाणे, हे आपल्या पिढीच्या प्राध्यापकांचे कर्तव्य आहे.